आपण हयात आहात, कशावरून?

रने देकार्त या फ्रेंच गृहस्थाला १० नोव्हेंबर १६१९ च्या रात्री एकामागून एक तीन स्वप्नं पडली. वय तेवीस. सैन्यात भरती होऊन तो जर्मनीत आला होता आणि थंडीमुळे शेगडीनं ऊबदार केलेल्या एका खोलीत दार लावून बसला होता. पहिल्या स्वप्नात सोसाट्याचा वारा आणि कुठल्याशा परमुलखातून आलेलं एक खरबूज, दुसऱ्यात कडकडाट, तिसऱ्यात टेबलावर एक शब्दकोश आणि कवितांचं पुस्तक. आपल्यापैकी कुणीही सकाळी उठून रात्रीच्या जेवणाला दोष दिला असता. देकार्तनं मानवी ज्ञानाच्या पायाला दिला. आजवर जे जे खरं मानलं ते सगळं पाडायचं आणि पायापासून पुन्हा बांधायचं, असं त्याच्या मनानं घेतलं.

त्यानंतर बरोबर ३९५ वर्षांनी, १० नोव्हेंबर २०१४ रोजी, भारत सरकारनं ‘जीवन प्रमाण’ नावाची सोय सुरू केली. पेन्शनरानं यंत्रावर अंगठा टेकवायचा आणि आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं. देकार्तच्या स्वप्नांचा मुहूर्त साधायचा म्हणून कुणी ही तारीख निवडली असेल असं मला वाटत नाही. देकार्त वाचणारा अधिकारी पेन्शनच्या खात्यात फार दिवस टिकणार नाही. पण दोन्हीकडे प्रश्न तोच: तुम्ही आहात, हे कशावरून?

देकार्तचं उत्तर जगप्रसिद्ध आहे. डोळे फसवतात. आपण जागे आहोत की झोपेत, याचीही खात्री नाही. एखादा महाबिलंदर राक्षस आपल्याला चोवीस तास गंडवत असेल, तर दोन आणि तीन पाच होतात यावरही भरवसा ठेवता येत नाही. मात्र एवढा संशय घ्यायला संशय घेणारा कुणीतरी लागतो. ज्याअर्थी मी विचार करतो, त्याअर्थी मी आहे. फ्रेंचमध्ये हे १६३७ साली छापून आलं आणि १६४१ साली त्यानं लॅटिनमध्ये ते सविस्तर मांडलं. या वाक्याला कशाचा टेकू लागत नाही, ते स्वतःच पाया आहे आणि बाकीचे मजले त्याच्यावर चढवायचे. अशा मताच्या लोकांना पंडितांनी जड जड नावं दिली आहेत. आपण त्यांना पायावाले म्हणू.

वाक्याची घडण थेट शासन निर्णयाची आहे, ज्याअर्थी-त्याअर्थीसकट. तरी ते पेन्शनच्या खिडकीवर चालत नाही.

“साहेब, मी विचार करतोय.”

“करा की. पण बाजूला उभं राहून करा. पुढचे या!”

यात कारकुनाचं काही चुकलं असं मला वाटत नाही. अठराव्या शतकात लिश्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकानं हीच हरकत घेतली होती: विचार चालू आहे, एवढंच फार तर सिद्ध होतं, जशी वीज चमकते तसा. तो विचार ‘मी’ करतोय हे कुठून आणलंत? कारकून हेच जरा कमी शब्दांत विचारतो. “फोटो आहे का?”

शिवाय पाया घातला तरी त्यावरून वर चढायचं कसं? ‘मी आहे’ इथपासून ‘हे टेबल आहे’ इथपर्यंत यायला देकार्तला देवाची मदत घ्यावी लागली. देव आहे आणि तो फसवणारा नाही, म्हणून मला जे स्वच्छ आणि स्पष्ट कळतं ते खरं. देव आहे हे कशावरून? ते मला स्वच्छ आणि स्पष्ट कळतं. हे वर्तुळ आंत्वान आर्नो या धर्मपंडितानं तेव्हाच दाखवून दिलं. त्याची हरकत देकार्तनं आपल्याच पुस्तकात छापली आणि उत्तरही दिलं, पण वर्तुळ काही सुटलं नाही. बँकेच्या पासबुकासाठी पत्त्याचा पुरावा आणि पत्त्याचा पुरावा म्हणून बँकेचं पासबुक मागणारी जी व्यवस्था आपण भोगतो, तिच्याविरुद्धचा पहिला तक्रारअर्ज म्हणून आर्नोच्या त्या कागदाकडे बघता येईल. पुढे देकार्त स्वीडनच्या क्रिस्टिना राणीला शिकवायला स्टॉकहोमला गेला. जन्मभर उशिरापर्यंत अंथरुणात पडून विचार करायची सवय, आणि राणीला शिकवणी हवी पहाटे पाचला. फेब्रुवारी १६५० मध्ये तो गेला. सगळ्या जगावर संशय घेऊन तो धडधाकट राहिला होता, लवकर उठणं मात्र त्याला सोसलं नाही.

तर ‘कशावरून’ हा प्रश्न सुरू झाला की थांबवायचा कुठे, ही खरी अडचण. आपल्याकडे ती सत्यप्रतीच्या रूपानं घरोघर पोचली होती. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत गुणपत्रिकेच्या झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही लागायची, आणि छोट्या गावात हाताशी असलेला राजपत्रित अधिकारी म्हणजे बहुधा जनावरांचा डॉक्टर. पोराला बारावीला गणितात किती मार्क पडले हे म्हशीचं पोट तपासणाऱ्या माणसाला कसं कळणार, असा प्रश्न कुणी विचारत नसे. त्याचा शिक्का गोल होता, तेवढं पुरे होतं. पण समजा, कुणी हट्टाला पेटून विचारलं असतं: डॉक्टरसाहेब राजपत्रित आहेत कशावरून? राजपत्रावरून. राजपत्र खरं कशावरून? त्यावर सरकारी मोहोर आहे म्हणून. मोहोर खरी कशावरून?

अग्रिप्पा नावाच्या प्राचीन ग्रीक संशयवाद्याच्या नावावर या खेळाचा निकाल लावलेला आहे. वाटा तीनच. एक तर कारणाला कारण देत अखंड चालत राहा. किंवा फिरून पहिल्या कारणावर या. नाहीतर मध्येच कुठेतरी पाय आपटून ‘हे असंच आहे’ म्हणा. १९६८ साली हान्स आल्बर्ट या जर्मन तत्त्वज्ञानं या तिढ्याला म्युन्शहाउझेन सरदाराचं नाव दिलं. हा थापाडा सरदार स्वतःच्याच केसांना धरून स्वतःला दलदलीतून वर ओढतो, आणि तेही घोड्यासकट. आपल्या न्यायशास्त्रानं या दोषांना फार पूर्वीच स्वतंत्र नावं देऊन ठेवली आहेत. कारणांची रांग संपतच नाही ती अनवस्था, दोघं एकमेकांच्या खांद्यावर बसले की अन्योन्याश्रय आणि तिघं बसले की चक्रक. इतकं नेमकं वर्गीकरण बघून मला दाट शंका येते की या मंडळींची कचेरीत बरीच ये-जा असावी.

अखंड चालत राहण्यात काही गैर नाही, असं म्हणणारे पीटर क्लाइन नावाचे अमेरिकन प्राध्यापकही आहेत. कारणांची रांग कधीच संपत नाही आणि संपायचं कारणही नाही. या मताला आपल्याकडे प्रशासकीय मान्यता आहे. “उद्या या.”

पाय आपटण्याचं मात्र आपल्याकडे शास्त्र झालं. आद्य शंकराचार्य मंडनमिश्रांना वादासाठी गाठायला निघाले आणि पाण्याला निघालेल्या बायकांना त्यांनी घर विचारलं, अशी शंकरदिग्विजयातली कथा. बायकांनी पत्ता सांगितला तो असा: ज्या दाराशी पिंजऱ्यातले पोपट ‘ज्ञानाचं प्रामाण्य स्वतःच असतं की बाहेरून येतं’ यावर वाद घालताना दिसतील, ते घर मंडनमिश्रांचं. अशा पत्त्यावर आज मनीऑर्डर पोचणार नाही, पण वाद खरा होता. मीमांसकांचं म्हणणं, ज्ञान झालं की ते मुळातच प्रमाण. खोटं ठरवणारं काही समोर येईपर्यंत त्याला दाखला मागू नका. नैयायिकांचं म्हणणं, छे, प्रामाण्य बाहेरून ठरतं. पाणी दिसलं, गेलात, प्यालात आणि तहान भागली, तर ते पाणी होतं. पेन्शन खात्यात जमा झाली म्हणजे दाखला चालला, असं जे समस्त पेन्शनर मानतात, ते शुद्ध न्यायदर्शन आहे. आणि सरकारनं जनावरांच्या डॉक्टरांना मोकळं करून ‘स्वतःच सही करा, स्वयंसाक्षांकित प्रत चालेल’ असं जाहीर केलं, त्या दिवशी शासन बिनबोभाट न्यायातून मीमांसेत गेलं. याबद्दल एकाही पोपटाला विश्वासात घेतलं नाही.

आता दुसरा पक्ष. यांना आपण मेळवाले म्हणू. यांचं म्हणणं, पाया वगैरे काही नसतो. एक समजूत दुसरीला धरून असते, दुसरी तिसरीला, आणि सगळ्या मिळून एकमेकींना सावरतात. खरी समजूत म्हणजे बाकीच्या समजुतींशी जिचा मेळ बसतो ती. यातला सगळ्यात लाघवी माणूस ऑटो नॉयराट. व्हिएन्नाचा. धिप्पाड आणि बोलघेवडा, पत्राखाली सहीऐवजी हत्तीचं चित्र काढणारा. तो म्हणे, आपण सगळे भर समुद्रात जहाज दुरुस्त करणारे खलाशी आहोत. गोदीत नेऊन सगळं सुटं करून नव्यानं बांधायची सोय नाही. एक फळी बदलायची तर दुसरीवर उभं राहून, आणि दुसरी बदलायची तर पहिलीवर.

व्हिएन्नातल्या त्याच्या मित्रमंडळींना पाया म्हणून निरीक्षणाची साधी वाक्यं हवी होती. तीही डोळे मिटून स्वीकारू नका, असं नॉयराटनं बजावलं, आणि १९३२ साली असं वाक्य नीट लिहायचं झालं तर कसं लिहावं याचा नमुनाच दिला. तीन वाजून सतरा मिनिटांनी ऑटोची नोंद अशी की, तीन वाजून सोळा मिनिटांनी ऑटोच्या मनात असं आलं की, तीन वाजून पंधरा मिनिटांनी खोलीत ऑटोला टेबल दिसत होतं. युरोपातले विद्वान या वाक्यावर अजून चर्चा करतात. आपला कुठलाही हवालदार याला पंचनामा म्हणेल आणि खाली दोन पंचांच्या सह्या घेईल.

पुढे १९४० च्या मे महिन्यात जर्मन फौजा हॉलंडमध्ये घुसल्या. नॉयराट तेव्हा हेगला राहत होता. तो माणसांनी खचाखच भरलेल्या एका जीवरक्षक होडीतून खरोखरच भर समुद्रात निघाला आणि इंग्लंडला पोचला. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात उपमेनं इतक्या तत्परतेनं मदत केल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. इंग्लंडनं त्याला आधी शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून छावणीत डांबलं. माणूस हिटलरपासून पळून आलेला, समोर उभा राहून तसं सांगतोय, पण कागदाशी मेळ बसत नव्हता.

आपली सगळी कागदपत्रं नॉयराटच्या जहाजावर आहेत. आमच्या एका मामांच्या बाबतीत रेशनकार्डावर ‘दत्तात्रय’, आधारवर ‘दत्तात्रेय’ आणि पेन्शनच्या पुस्तकात नुसतं ‘डी. व्ही.’ असं होतं. तिघंही एकाच माणसाची पेन्शन मागत होते.

“काका, ही तीन वेगळी माणसं आहेत.”

“अहो, तिन्ही मीच आहे. समोर बसलोय ना तुमच्या!”

“ते मला दिसतंय हो. सिस्टिमला दिसत नाही.”

मग प्रतिज्ञापत्र झालं. वरील तिन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, असं मामांनी शपथेवर लिहून दिलं. ते खरं कशावरून, तर सोबत जोडलेल्या तीन कागदांवरून. मेळ बसला. मग अंगठा. सत्त्याहत्तराव्या वर्षापर्यंत भांडी घासून, झाडं लावून, चुना मळून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. यंत्रानं त्यांना चार वेळा नाकारलं. मामा विचार करत होते हे त्यांच्या कपाळावर स्पष्ट दिसत होतं, पण देकार्तची साक्ष तिथे कोण काढणार.

‘यंदा जिवंत आहात ते कळलं, पण गेल्या वर्षीचा दाखला कुठाय?’ हा किस्सा मी मामांच्या नावावर खपवणार होतो. पण तो प्रत्येकाच्या मामांच्या बाबतीत घडलेला आहे. मला भेटलेल्या दर पेन्शनराच्या घरी कुणाच्या तरी साडूला हे वाक्य ऐकवलं गेलंय, आणि ते स्वतःच्या कानांनी ऐकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. तरी सगळे एकमेकांच्या आधारानं तो खरा मानतात, मीही मानतो. मेळवाल्यांचा हा सगळ्यात लोकप्रिय सिद्धांत असावा.

पायावाले म्हणतील, कागदांचा हा नुसता फेर धरलेला आहे, मुळाशी जा. जाऊन बघा. पॅन आधारवरून, आधार रेशनकार्डावरून, जन्मतारीख शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून आणि तो दाखला शाळेच्या जनरल रजिस्टरवरून. रजिस्टरच्या खाली काय? तिथे मास्तर आहेत. वडील पोराचा हात धरून शाळेत आले, जन्म कधीचा म्हटल्यावर ‘मोठ्या पुराच्या आधी, भुईमूग काढत होतो तेव्हा’ असं म्हणाले, आणि मास्तरांनी पोराकडे एकवार बघून ‘१ जून’ लिहिलं. कारण शाळा जूनमध्ये उघडते. महाराष्ट्राची एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. नियम असा की महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला कर्मचारी आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. त्यामुळे दर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांत नारळ आणि शालींचा तुटवडा पडायची वेळ येते. देकार्तनं शोधलेला पक्का, अढळ, निःसंशय पाया तो हा. त्यावर पुढे वैद्यकीय रजा, पदोन्नती, उपदान, सगळे मजले चढले आणि एकही ढासळला नाही.

हे बघितलं की माणूस मेळवाल्यांकडे झुकतो. लॉरेन्स बॉनजोर हे अमेरिकन प्राध्यापकही झुकले होते. १९८५ साली त्यांनी मेळवाल्यांच्या बाजूनं इतकं भक्कम पुस्तक लिहिलं की विरोधकांना ते खोडताना घाम फुटला. शेवटी ते काम बॉनजोर यांनीच हाती घेतलं आणि नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते पायावाल्यांत सामील झाले. पक्षांतर करणाऱ्यानं आपली कारणं लेखी दिल्याची, आणि ती कारणं लोकांनी वाचल्याची, ही दुर्मीळ घटना. सुझन हाक बाईंनी १९९३ साली दोघांची आघाडी करून पाहिली. त्या म्हणतात, शब्दकोडं बघा. आडव्या चारचं उत्तर बरोबर आहे हे थोडं सूचक वाक्यावरून कळतं आणि थोडं उभ्या शब्दांशी अक्षरं जुळतात त्यावरून. दोन्ही लागतं. मला हे पटतं. रविवारच्या पुरवणीतलं कोडं सोडवणाऱ्या कुणालाही पटेल. फक्त आमच्याकडे अक्षरं जुळेनात की चौकटीत दोन अक्षरं कोंबतात, याचा विचार हाकबाईंनी केलेला दिसत नाही.

मेळवाल्यांवरचा एक गाजलेला आक्षेप मॉरिट्झ श्लिक यांचा. नॉयराटचेच सहकारी, व्हिएन्नाचेच. १९३४ साली त्यांनी विचारलं, नुसत्या मेळावरच जायचं असेल तर नीट रचलेली परीकथा आणि खराखुरा इतिहास यांत फरक काय उरला? परीकथेतही सगळं एकमेकांशी जुळतं. एखादी व्यवस्था आतून शंभर टक्के सुसंगत असूनही जगापासून तुटलेली असू शकते. मेळवाले यावर म्हणत, असं होऊ शकतं हे मान्य, पण सहसा होत नाही.

ते उत्तर प्रदेशातल्या आझमगढ जिल्ह्यात झालं. लाल बिहारी हे शेतकरी सत्तरच्या दशकात कर्जासाठी कागद काढायला गेले आणि महसुली दप्तरात आपण मृत असल्याचं त्यांना कळलं. जमिनीसाठी नातलगांनी ती सोय केली होती. दप्तर चोख होतं: मालक मृत, जमीन वारसांच्या नावावर, खातेफोड झालेली. विसंगत गोष्ट एकच, ती म्हणजे खिडकीशी उभा असलेला माणूस. आणि नव्व्याण्णव समजुतींचा मेळ बसत असेल तर शंभरावी टाकून द्यावी, असं मेळवाल्यांचं शास्त्रही सांगतं.

लाल बिहारी यांनी देकार्तसारखं खोलीत बसून विचार करत वेळ घालवला नाही. त्यांनी दप्तराच्याच भाषेत भांडायचं ठरवलं. पोलिसांच्या कागदावर तरी नाव यावं म्हणून चुलतभावाला पळवून नेलं. बायकोला विधवेचं अनुदान मिळावं असा अर्ज केला. १९८९ साली अमेठीत राजीव गांधींच्या विरोधात निवडणुकीला उभे राहिले, कारण मेलेल्याला उमेदवारी मिळत नाही आणि मिळाली तर तो मेलेला नाही. नावापुढे ‘मृतक’ लावू लागले आणि आपल्यासारख्याच कागदोपत्री मेलेल्यांचा ‘मृतक संघ’ काढला. सभासद मिळायला अजिबात त्रास झाला नाही. १९९४ साली दप्तरानं त्यांना जिवंत केलं.

२००३ साली हार्वर्डला दिल्या गेलेल्या इग नोबेल या थट्टेच्या पुरस्कारांपैकी शांततेचा पुरस्कार त्यांना जाहीर झाला. कागदोपत्री मृत असूनही सक्रिय जीवन जगल्याबद्दल, असं त्यात एक कारणही दिलं होतं. भारत सरकारनं त्यांना रीतसर पासपोर्ट दिला, म्हणजे इकडचा मेळ अखेर पूर्ण बसला. अमेरिकेनं त्यांना देशात येऊ दिलं नाही.